मोहठाण तालुक्याचा नकाशा

चिमण वरठा रिटायर झाला त्या दिवशी मोजणीच्या कचेरीने त्याला शाल दिली, नारळ दिला आणि भिंतीवर लावायचं घड्याळ दिलं. तेहेतीस वर्षं ज्याने सावली बघून वेळ सांगितली त्याला घड्याळ कशाला, ते कचेरीलाच ठाऊक. साहेब चार शब्द चांगले बोलले. चिमण दोनसुद्धा बोलला नाही. घरी आल्यावर शाल बायजीने अंगावर घेतली, नारळ वाटणात गेला, घड्याळ खिळ्याला टांगलं गेलं. मग तो अंगणातल्या बाजेवर बसला आणि त्याच्या ध्यानात आलं, की उद्या सकाळी कुठेच जायचं नाही.

तलासरीहून उधव्याच्या रस्त्याला लागलं, की डाव्या हाताला आत एक पाडा आहे. बेचाळीस घरं. त्यातलं चिमणचं शेवटून तिसरं. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकला, मग बापाबरोबर डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांत झाडांना आळी करत फिरला. पंचवीस वर्षांचा असताना गावात मोजणीवाले आले. डोंगराच्या टोकावर झेंडा धरून उभा राहील असा माणूस त्यांना हवा होता. चिमण अनवाणी चढला आणि साहेबाचा चहा संपायच्या आत वरून झेंडा हलवू लागला. साहेब खूश झाला. त्या दिवसाची रोजंदारी पुढे नोकरी झाली, आणि चिमण साखळीवाला झाला.

साखळीवाल्याचं काम काय, तर साखळीचं एक टोक धरायचं. दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात, मधलं गणित साहेबाच्या डोक्यात, आणि कागदावरची अक्षरं साहेबाच्या हातची. साखळी गेली, टेप आली. टेप गेली, तीन पायांचं यंत्र आलं. शेवटच्या वर्षांत तर आभाळातल्या उपग्रहांशी बोलणारी काठी आली. चिमण ती काठी धरून उभा राही. यंत्रं बदलली, पण त्याचं काम काही धरून उभं राहण्याचंच राहिलं, आणि हातात काहीही असलं तरी सगळे त्याला साखळीच म्हणत.

पण नाव कमावलं त्याने. हद्दीच्या भांडणात माणसं किती हुशार होतात ते साखळीवाल्याला विचारावं. कोणी म्हणे, "चिमण, जरा इकडं धर ना, एक वीत." कोणी कोंबडा पुढे करी, कोणी लांबचं नातं काढी. चिमणने कधी वीत सोडा, बोटभरही साखळी हलवली नाही. भाकरी घरची न्यायचा. झाईच्या बंदरापासून थेट पूर्वेच्या डोंगरापर्यंत लोक म्हणत, चिमणने धरलेली साखळी म्हणजे बघायला नको. रिटायर झाल्यावर पेन्शन होती, पण त्याला खरा आधार वाटायचा तो या एका गोष्टीचा. आपल्या शब्दाला वजन आहे. माणसाला म्हातारपणी एवढं पुरतं, असं त्याला वाटे.

नकाशा सुरू झाला तो बायजीमुळे. दोन महिने नवरा दिवसभर घरात बसलेला बघून तिचं डोकं फिरलं होतं. "इठं बसून माझ्या चुलीकडं बघत राहू नको," ती म्हणाली. "कायतरी कर. दोरी वळ, कणग्या विण, नायतर डहाणूला जाऊन समुद्राकडं बघत बस."

तो खरंच डहाणूला गेला. समुद्राकडे घटकाभर बघितलं, कंटाळला, आणि बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात शिरला. तिथून चार मोठे ड्रॉइंग पेपर, काळी शाई, निळी शाई आणि दोन टाक घेऊन घरी आला. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांचे नकाशे होताना बघितले होते. एकावरही त्याच्या हातचं एक अक्षर नव्हतं. ही हौस आतल्या आत किती दिवस होती, ते त्यालाही दुकानात उभं राहीपर्यंत कळलं नव्हतं.

नकाशा कुठला काढायचा हा प्रश्न पडला. खऱ्या गावाचा काढायचा तर हातात साखळी नाही, आणि साखळी नसताना रेघ मारणं त्याच्या अंगात नव्हतं. मग त्याने ठरवलं, की नसलेल्या मुलखाचा काढू. तिथे मोजणारे आपणच. मुलखाला नाव दिलं, तालुका मोहठाण.

नसलेला मुलूख म्हणून वाटेल तसं काढायचं, असं मात्र त्याच्या मनातही आलं नाही. आधी पूर्वेला डोंगर घातले. डोंगर घातल्यावर पाणी आलं, आणि पाणी आलं की आपली मर्जी संपते, हे त्याला माहीत होतं. ओहोळ उताराकडेच जाणार. दोन ओहोळ एकत्र येतील, एकाचे दोन होणार नाहीत. पहिल्या कागदावर नदी त्याने घाईने वळवली, तर ती चक्क चढावर गेली. तो कागद फाडावा लागला, आणि बायजीने त्यावर पापड वाळत घातले. दुसऱ्या कागदावर त्याने आठ दिवस फक्त पाण्याचा विचार केला. नदी मोठी होत पश्चिमेला आली, खाडीला मिळाली. खाडीवर तिवरं, तिवरांच्या अलीकडे मिठागर, वर रेतीवर कोळ्यांचं गाव. झाईला मोजणी केली होती तेव्हा जे पाहिलं होतं ते मनात होतं, पण जसंच्या तसं नाही.

गावं बसवताना बायजी मध्ये पडली. ती भाकरी थापता थापता मान लांब करून बघायची.

"हे कुठलं गाव?"

"आघईपाणी."

"आणि विहीर?"

"ही बघ."

"ती तर नदीच्या पल्याड. पावसात त्या बाया पाणी कठून आणतील? तू आणून देशील?"

चिमणने विहीर अलीकडे आणली. पुढे रोजच असं होऊ लागलं. बाजार कुठल्या दिवशी, तिथे डोंगराकडच्या बाया डोक्यावर पाटी घेऊन किती वेळात पोचतील, वाटेत सावलीला झाड आहे का, हे सगळं बायजी विचारी आणि चिमण कागदावर काढी. एका ओहोळावर तिने साकव घालायला लावला, कारण पलीकडे तिने मनातल्या मनात एक मुलगी दिली होती, आणि माहेरी यायला तिला वाट नको का? चिमणने हद्दी मोजल्या होत्या आयुष्यभर. पाऊलवाटा कोणत्याही साहेबाने त्याला मोजायला सांगितल्या नव्हत्या. मोहठाण तालुक्यात त्या आल्या, बारीक ठिपक्यांच्या, घरातून विहिरीला आणि विहिरीतून रानात जाणाऱ्या.

मग नावं लिहायची वेळ आली. हा त्याचा सणाचा दिवस. नदीचं नाव उगमाकडून मुखाकडे, पाण्याबरोबर वळत जाणारं. डोंगराचं नाव लांबवर पसरून, अक्षरांत अंतर ठेवून. गावाचं नाव आडवं, टिंबाच्या उजव्या अंगाला, रस्त्यावर चढणार नाही असं. आधी पेन्सिलने, मग शाईने. नावं त्याने गावं ठेवतात तशीच ठेवली, झाडावरून, पाण्यावरून, दगडावरून. चिंचबारी, उंबरगोठण, काळीशिळ. डोंगरीपाडा मात्र टाळता आला नाही. डोंगर आहे तिथे डोंगरीपाडा असणारच, त्याला चिमण काय करणार?

शेवटी जमिनीचे गट पाडले, त्यांना नंबर दिले, कोपऱ्यात दिशेचा बाण आणि खुणांची यादी. सव्वा वर्ष लागलं. पौषात एका दुपारी त्याने शेवटचा नंबर लिहिला आणि नकाशा ओटीवर अंथरला. बायजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चांगलं आहे गाव." एवढं तिने त्याच्या नोकरीबद्दलही कधी म्हटलं नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा केला मिथुनने.

मिथुन चिमणचा पुतण्या. तलासरी नाक्यावर रिक्षा चालवतो, दोन मुलांचा बाप आहे, आणि मोबाईलवर जे दिसेल ते पुढे ढकलल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. तो दुपारी पाणी प्यायला आला, नकाशा बघून थक्क झाला आणि कौतुकाने फोटो काढला. कौतुकानेच काढला हो, मनात काळंबेरं काही नव्हतं. फोटो पाड्याच्या ग्रुपवर टाकून वर लिहिलं, 'आमच्या काकांचा नकाशा'. ओटीवर तेव्हा सावली आली होती. निळी नदी फोटोत करडी दिसत होती, तिचं नाव पुसट होऊन गेलं होतं, खाडीचा भाग कापला गेला होता. उरलं काय, तर पूर्वेच्या डोंगरातून निघून गटांमधून वळत जाणाऱ्या दोन समांतर रेघा.

आता या भागात दोन समांतर रेघांचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. रस्ता येतो तो आधी कागदावर येतो, रेल्वे येते ती आधी कागदावर येते, आणि माणसाला कळतं तेव्हा शेतात खांब रोवलेले असतात. नदी कागदावर आणायला कोण येतं? वरती अक्षरं मोठी, 'तालुका मोहठाण'. ठाणे जिल्ह्यातून पालघर निघालेला सगळ्यांनी बघितला होता. तसा आता हा नवा तालुका निघत असणार. खाली 'डोंगरीपाडा' स्पष्ट. आणि इथे दर तीन गावांमागे एक डोंगरीपाडा.

शनिवारी संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठून कुठे फिरला ते देव जाणे. परत पाड्यात आला तेव्हा त्याच्यावर लिहिलेलं होतं, 'नवीन रस्त्याचा नकाशा. चिमण मोजणीवाला याच्याकडे आहे. सव्वा वर्षापासून.' सव्वा वर्ष हा आकडा बायजीनेच विहिरीवर अभिमानाने सांगितला होता.

रविवारी सकाळी चिमण दात घासायला अंगणात आला तर पाच माणसं उभी. तोंड धुऊन होईपर्यंत पंधरा झाली, चहा होईपर्यंत तीसेक. सगळ्यांच्या हातात पिशव्या. पिशव्यांत सातबारा, जुने नकाशे, वनपट्ट्याचे दाखले, आधारकार्डं. कोणी भांडायला आलं नव्हतं. आपला गट त्या दोन रेघांच्या आत आहे की बाहेर, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"हा खोटा आहे," चिमण म्हणाला. "म्हणजे मी मनाने काढलेला. असा तालुका नाही कुठं."

कोणी जागचं हललं नाही.

काळ्या पुढे आला. काळ्या म्हणजे चिमणचा थोरला चुलतभाऊ. नदीकाठी त्याचं दीड एकर भात, त्यावर घरातली नऊ माणसं. काल संध्याकाळपासून तो जेवला नव्हता, ते तोंडावर दिसत होतं. "चिमण," तो म्हणाला, "नसलेल्या गावाचा नकाशा कोण काढतो? तू लहान पोर आहेस? नंबर टाकलेत, बाण टाकलाय. सव्वा वर्ष कोण खेळत बसतं?"

"मी बसलो, काळ्यादादा."

"तेहेतीस वर्षं सरकारात होतास. तुला कळलं असंल. सांगू नको म्हणाले असतील. आम्ही समजतो ते. पण आम्ही तुझी माणसं ना? मना एवढंच सांग, माझी जमीन जाते का?"

काळ्या ओरडला असता तर परवडलं असतं. तो विनवत होता, आणि विनवताना त्याला खात्री होती की चिमण खोटं बोलतोय. माणूस म्हणून आजवर जे काही कमावलं होतं ते या अंगणात उभं होतं आणि हातातून निसटत होतं, असं त्याला वाटलं. त्याला फार वाईट वाटलं. त्याने नकाशा बाहेर आणून बाजेवर पसरला. "ही नदी आहे. निळी आहे, बघा."

"आता निळी केली असंल," मागून कोणीतरी म्हणालं.

"अरे, नदी वळते बघ कशी!" चिमण म्हणाला.

"घाटातला रस्तापण वळतो."

बायजीने कपाळावर हात मारून घेतला. मिथुन कोपऱ्यात उभा राहून सांगत होता, की चूक त्याची आहे, फोटो त्याने काढला. पण चूक कबूल करणाऱ्याकडे त्या दिवशी कोणी लक्ष देत नव्हतं. काळ्याने नकाशावर वाकून, आपलाच समजून, डोंगरीपाड्यावर बोट ठेवलं, तिथून नदीपर्यंत वितीने मोजलं, आणि खाली बसला.

तेव्हा गर्दीतून धोंडी पुढे आली.

धोंडीबाय सत्तरीची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. डोंगराच्या पायथ्याला तिची दोन एकर नागली-वरीची जमीन. तिला बघून चिमणची नजर खाली गेली. धोंडी समोर आली की अकरा वर्षं ती तशीच खाली जायची. लोकांना वाटे, म्हाताऱ्या बाईचा मान ठेवतो.

गोष्ट अशी होती. धोंडीच्या जमिनीला लागून एका वाडीवाल्याची जमीन, आणि मध्ये मोहाची चार झाडं. झाडं कोणाची, यावरून मोजणी लागली. मोजणीच्या आदल्या दिवशी झुडपं तोडून वाट मोकळी करायला चिमण एकटा गेला होता. करवंदीच्या जाळीत, सागाच्या खोडाजवळ, त्याने हद्दीचा जुना दगड पाहिला. त्यावरचं शेवाळ हाताने पुसलं, वरची खूण पाहिली. दगडाप्रमाणे चारही झाडं धोंडीची. दुसऱ्या दिवशी साहेबाबरोबर तो तिथे आला तर दगड नव्हता. माती ताजी होती. चिमणने साहेबाला हळूच सांगितलं. साहेब म्हणाला, "आत्ता आहे का दगड? नाही ना? मग धर साखळी." चिमणने साखळी धरली. अगदी सरळ धरली, बोटभरही हलू दिली नाही. मोजणी दुसऱ्या खुणेवरून झाली, आणि कागदाप्रमाणे मोहाची झाडं वाडीवाल्याची ठरली. धोंडी आपल्याच बांधावर अतिक्रमण करणारी झाली. तेव्हापासून ती तक्रारी करत होती. दर वेळी तिला विचारत, पुरावा काय? दगड होता, एवढंच ती सांगे. दगड पाहिलेला दुसरा माणूस तिला माहीत नव्हता.

चिमणने स्वतःला किती वेळा सांगितलं होतं, की साखळीवाल्याचं काम साखळी धरण्याचं. दगडाबद्दल त्याला कोणी विचारलं नव्हतं. हे खरंही होतं. पण धोंडी दिसली की ते पुरत नसे.

धोंडीने बाजेपाशी येऊन नकाशाकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. पण नकाशा कसा असतो ते तिच्याइतकं त्या अंगणात कोणालाच माहीत नव्हतं, कारण एक नकाशा तिने अकरा वर्षं उशाशी ठेवला होता. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग पिशवीतून आपला कागद काढला. घड्यांवर चिकटपट्टी लावलेला मोजणीचा नकाशा. तो तिने चिमणच्या नकाशाशेजारी अंथरला.

"काळ्या, इकडं ये," ती म्हणाली. "माझ्या कागदात बघ. ही एक रेघ अखंड, ही तुटक. साहेबाने मना समजावलं होतं. अखंड म्हंजे कागदावरची हद्द, तुटक म्हंजे आपण कसतो ती. दोघी जुळत नाहीत, म्हणून तर मी मरते. तुझ्या कागदात किती रेघा?"

काळ्याने आपल्या पिशवीतून कागद काढला. "दोन," तो म्हणाला.

"आणि तुझ्या?" तिने शेजारच्याला विचारलं.

"दोन."

"माझ्या पण दोन," मागून तिसरा म्हणाला.

"आता ह्याच्यात बघ," धोंडी म्हणाली. "एवढी शेतं काढलीत चिमणने. दुसरी रेघ कठं आहे?"

माणसं वाकली. तीस डोकी एका बाजेवर. आघईपाणी बघितलं, चिंचबारी बघितलं, डोंगरीपाडा तर बोट लावून बघितला. शेताशेताला एकच रेघ. सगळ्या मोहठाण तालुक्यात, डोंगरापासून खाडीपर्यंत, पाऊलवाटांचे ठिपके सोडले तर एकही तुटक रेघ नव्हती. जो जेवढं कसतो तेवढंच कागदावर, आणि कागदावर तेवढंच रानात.

"असं गाव असतं का कुठं?" धोंडी म्हणाली.

काळ्याच्या तोंडातून असा काही आवाज निघाला, की रडतोय की हसतोय ते कळेना. पण तो हसत होता. "नाय," तो म्हणाला. "असं गाव नसतं. चिमण, तू खरंच मनाने काढलंस रे!" मग सगळं अंगण हसायला लागलं. मिथुनने घाईघाईने ग्रुपवर लिहिलं, की नकाशा खोटा आहे, गाव खोटं आहे, सगळ्यांनी निवांत राहावं. बायजीने मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

चिमणला मात्र हसू आलं नाही. त्याने स्वतः ते बघितलं नव्हतं. सव्वा वर्ष त्या कागदावर वाकून बसला होता, विहिरीची जागा तीनदा बदलली होती, आणि आपण तुटक रेघ कुठेच मारली नाही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. हाताने आपोआप केलं होतं ते.

चहा आला तशी लोकांना मस्करी सुचली. कोणी म्हणालं, खोटा तर खोटा, मना चिंचबारीला चार एकर दे. कोणी नदीकाठ मागितला. काळ्याने बाजाराच्या नाक्यावर दुकानासाठी जागा धरली आणि बायजीला विचारलं, गिऱ्हाईक येईल ना? ज्या माणसाकडून कधी कोणाला वीतभर मिळाली नव्हती, तो आज मागेल त्याला पेन्सिलने घर काढून देत होता. त्याच्या शब्दाला वजन परत आलं होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते ते पूर्वीसारखंच, विश्वासाने.

धोंडी आपला कागद घडी करत होती.

"धोंडीबाय," चिमण म्हणाला, "तुला कुठं देऊ? तूच सोडवलंस मला. सगळ्यात चांगली जागा घे. इथं, उंबरगोठणला. पाणी जवळ आहे."

धोंडीने नकाशाकडे बघितलं. जागा तिला आवडली असावी, कारण तिने तिच्यावर एकदा बोट फिरवलं. मग मान हलवली. "मना नको. माझं नाव तठं लिहिलंस तर इठली माझी झाडं कोण धरून बसंल?"

ती हे रागाने बोलली नव्हती. तिला खरंच नको होतं. ती पिशवीची गाठ मारू लागली, आणि चिमणच्या हातातली पेन्सिल खाली आली.

तीस माणसं अंगणात होती. आता बोललो तर काय होईल, ते त्याला स्वच्छ दिसत होतं. नुकतं परत मिळालेलं सगळं जाईल. लोक म्हणतील, ज्याची साखळी सरळ तो अकरा वर्षं गप्प बसला. आणि लोक बरोबर म्हणतील.

"धोंडीबाय, थांब," तो म्हणाला. "दगड होता."

ती वळली.

"मोजणीच्या आदल्या दिवशी मी पाहिला. करवंदीच्या जाळीत, सागाच्या खोडापासून सात पावलांवर. दुसऱ्या दिवशी नव्हता. झाडं तुझी आहेत."

पाठीमागे कोणीतरी कप खाली ठेवला. काळ्या उठून उभा राहिला होता. बायजी चुलीपाशी होती तिथेच थांबली. तिलाही हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"तू पाहिलास," धोंडी म्हणाली.

"हो."

"अकरा वर्षं मी दारोदार सांगते, दगड होता. माझा पोरगापण म्हणाला, आई, तुला भास झाला असंल. मीपण म्हटलं, झाला असंल. आणि तू पाहिलास."

मला कोणी विचारलं नाही, हे वाक्य तोंडापर्यंत आलं आणि त्याने ते गिळलं. तो आत गेला, उरलेल्यांतला एक कोरा कागद घेऊन बाहेर आला आणि बाजेवर मोहठाणच्या नकाशावरच तो ठेवून काढू लागला. पायथ्याची टेकडी, ओहोळ, सागाचं खोड, करवंदीची जाळी, मोहाची चार झाडं. खोडापासून दगडापर्यंतची सात पावलं फुटांत लिहिली. मग हद्दीची रेघ मारली, आणि तिच्या आत, वाडीवाल्याने आज जिथे कुंपण घातलंय तिथून, तुटक रेघ मारली. रेघ सरळ आली. धोंडी त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"हा तरी खरा आहे ना?" तिने विचारलं.

"खरा आहे."

"मग खाली तुझं नाव लिही."

चिमणने टाक शाईत बुडवला आणि पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. खाली लिहिलं, साखळीवाला, समक्ष पाहिले. धोंडीने शाई वाळेपर्यंत कागदाला हात लावला नाही. वाळल्यावर तो आपल्या नकाशाच्या घडीत ठेवला, पिशवी काखेत मारली, आणि चिमणकडे न बघता मिथुनला म्हणाली, "उद्या सकाळी रिक्षा काढ. दोघांना कचेरीत जायचं आहे."